आधी मोजमाप

“अजून, अजून, अजून,” मी म्हणत होते आणि डॅरिल कॉसग्रोव्ह गाल फुगवून नळीत फुंकत होता. श्वास संपला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. पडद्यावरच्या रेघेकडे बघत तो म्हणाला, “मिसेस टेट, पंचेचाळीस वर्षं तुम्ही लोक थोडा थोडा जीव घेताय माझा. एकदाच काय तो घेऊन टाका की.”

“तीनदा फुंकायचं असतं. दोनदा राहिलंय,” मी म्हणाले.

तो हसला आणि पुन्हा नळी तोंडात धरली. तीन वर्षांचा होता तेव्हा याच इमारतीत, याच खोलीत, त्याने दोऱ्यात मणी ओवायला साफ नकार दिला होता आणि एक मणी नाकात घातला होता. तो मणी काढायला मला दहा मिनिटं लागली. आता तो शंभर किलोंचा आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडला जहाजांत लोखंडाची माती भरायचं यंत्र चालवतो, आणि कपाळ मागे सरकत सरकत टाळूपर्यंत गेलंय. पण आमच्या बोलण्यात ही सगळी अजून ‘मुलं’च. एका वर्षात आमच्या या टिमारू गावातल्या प्रसूतिगृहात जन्मलेली नऊशे ऐंशी मुलं. त्यांना जन्मापासून दर काही वर्षांनी बोलवायचं, दिवसभर मोजायचं, विचारायचं, लिहून ठेवायचं आणि घरी पाठवायचं. बाळपणीच्या कुठल्या गोष्टीचं म्हातारपणी काय होतं, ते त्याशिवाय कळत नाही. माझं काम त्यांना हरवू न देणं. कोण कुठे राहतो, कुणाचं लग्न मोडलं, कोण तुरुंगात आहे, कोण नाव बदलून राहतंय, हे सगळं माझ्याकडे. बेचाळीस वर्षं मी हेच केलं. जगभरातले संशोधक आमच्या हजेरीचा आकडा ऐकून भुवया उंचावतात. शंभरातली पंच्याण्णव मुलं अजून येतात. त्या आकड्याचा मला गर्व होता, आता लपवण्यात काय अर्थ आहे.

त्या सप्टेंबरच्या सकाळी मला एक गोष्ट ठाऊक होती आणि डॅरिलला ठाऊक नव्हती. त्याची आई एप्रिलमध्ये गेली होती.

त्याला कळवणारं कुणी नव्हतं. बाप पूर्वीच गेला. भावंडं नाहीत. डॅरिलने सतराव्या वर्षी घर सोडलं त्यानंतर आईला एक ओळ लिहिली नाही. त्याचा पत्ता या गावात एकाच माणसाकडे होता, माझ्याकडे. अठरा वर्षांचा झाल्यावर तो पहिल्यांदा समुद्रापलीकडून तपासणीला आला, तेव्हा सही करण्याआधी त्याने मला बजावलं होतं की माझा ठावठिकाणा ज्या दिवशी आईला कळेल त्या दिवशी मी तुमच्या यादीतून बाहेर. मी शब्द दिला. तशीही ती आमची पहिलीच शपथ: अमुक एक माणूस आमच्या यादीत आहे की नाही, जिवंत आहे की मेला, कुणालाही सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही, जरी तिनेच त्याला तिसऱ्या दिवशी आमच्या वजनकाट्यावर ठेवलेलं असलं तरी.

त्यामुळे तो तपासणीच्या दर पाळीला यायचा, खाडीजवळच्या मोटेलात उतरायचा, आईच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, आणि मोजून घेऊन निघून जायचा.

थेल्मा कॉसग्रोव्ह मला गावात भेटायचीच. एवढंसं गाव आमचं, कोण कुणाला टाळणार? तिला एक ठाऊक होतं, की आम्ही मुलांना दर वाढदिवसाला कार्ड पाठवतो. डॅरिलचा नऊ ऑगस्ट. त्या आठवड्यात ती मला कुठेतरी गाठायचीच. बेकरीत, चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे. पत्ता कधी मागितला नाही बाईने. फक्त विचारायची, “नोलीन, पोरी, या वर्षी कार्ड टाकलंस का गं?” कार्ड गेलं म्हणजे तो जिवंत आहे, एवढाच तिचा हिशेब. मी म्हणायचे, “थेल्मा, सांगता येत नाही.” मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. चेहरा कोरा ठेवायला मी तिच्यामुळे शिकले आणि पुढे त्यात तरबेज झाले. माझा नवरा म्हणायचा, तुझ्याशी पत्ते खेळण्यात मजा राहिली नाही.

डॅरिल घर सोडून का गेला हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या सगळ्या गोष्टींत हीच मला जास्त छळते. मुलं अकरा वर्षांची झाली तेव्हा आम्ही आईला एका खोलीत बसवायचो, मुलाला दुसऱ्या. प्रश्न साधारण सारखेच. घरात मुलाचं चुकलं तर काय शिक्षा होते? थेल्माने सांगितलं, “दटावतो. फार तर एखाद दिवस खेळायला जाऊ देत नाही.” भिंतीपलीकडे डॅरिल माझ्यासमोर होता. त्याने बुटांच्या नाड्यांशी चाळा करत सांगितलं की बाबा मांसाच्या कारखान्यातून आले की पट्टा काढतात. किती वेळा, हे विचारायचं कागदावर होतं म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, “बुधवारी नाही. बुधवारी ते दारू प्यायला जातात.” संध्याकाळी दोन्ही कागद तपासायला माझ्याच टेबलावर आले. मी समासात लिहिलं, ‘दोन उत्तरांत फरक’, आणि ते फाइलला लावले. उत्तरं जुळतात की नाही तेवढं पाहणं माझं काम होतं. त्या काळी सगळेच तसं करत, असं मी स्वतःला सांगत आलेय. सगळेच करत होते हे खरंच आहे. पण त्या खोलीत सगळे नव्हते, मी होते.

थेल्मा ऐंशीची झाली त्या वर्षी एक दिवस ती टेकडी चढून आमच्या कचेरीच्या दारात आली. चांगला कोट घातलेला, हातात पर्स, धाप लागलेली. मला वाटलं, पुन्हा कार्डाचंच. पण ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “चौऱ्याऐंशी साली मी तुमच्या बाईला एक उत्तर दिलं होतं. ते खोटं होतं. मला ते बदलायचंय.”

मी तिला चहा दिला. चीज घातलेला छोटा पाव, स्कोन, दिला. आणि समजावून सांगितलं की एकदा दिलेलं उत्तर आम्ही कधीच बदलत नाही, नाहीतर सगळेच मागाहून आपापला भूतकाळ नीट करून घेतील आणि पाहणीला काही अर्थ उरणार नाही. हे शास्त्राला धरून होतं. माझा आवाजही छान शांत होता. ती म्हणाली, “मग नुसतं लिहून घे गं कुठेतरी. मला दिसत होतं. मी शेगडीकडे तोंड करून उभी राहायचे. एवढं लिही.” मी म्हटलं, त्यासाठी रकाना नाही. खरंच नव्हता. तिने स्कोन रुमालात बांधून घेतला, वाया जायला नको म्हणून, आणि टेकडी उतरून गेली. साधा कोरा कागद माझ्या समोरच पडला होता.

तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये आम्ही अकरा जण होतो. मी मागच्या बाकावर बसले. पाद्री म्हणाले की मुलाशी संपर्क होऊ शकला नाही, कुणाला काही माहिती असेल तर कृपया सांगा. त्याचा फोन नंबर मला पाठ होता. मी प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी मी हॅमिशकडे गेले. हॅमिश पेरिन आमचा प्रमुख, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सज्जन माणूस. तो म्हणाला, शब्द तू दिलायस, त्याला तू ओळखतेस, सांगायचं तर सांग, मी अडवणार नाही. पुढे सहज बोलल्यासारखं म्हणाला की तो सप्टेंबरला येतोच आहे. समोरासमोर सांगणं जास्त बरं, फक्त आधी मोजमाप होऊ दे. अशी बातमी ऐकल्यावर रक्तदाबाला काही अर्थ राहणार नाही.

आमच्याकडे असंच बोलतात. बाहेरच्या माणसाला हे ऐकून शिसारी येईल. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. कारण मला खरी भीती वेगळीच होती. आई गेल्याचं कळलं, तर हा या गावात पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि पंचेचाळिसाव्या वर्षाची पाळी महत्त्वाची होती, हृदय, मेंदू, सगळं पहिल्यांदाच तपासणार होतो. पाच महिने मी त्याचा नंबर जवळ बाळगून गप्प बसले. जुलैत त्याला फोनही केला, विमानाची वेळ ठरवायला. तो म्हणाला, तिकडे थंडी कशी आहे. मी म्हटलं, नेहमीसारखीच.

तर त्या दिवशी सकाळी रक्त काढलं, मग मार्माइट लावलेला टोस्ट दिला, मग रक्तदाब, दात, डोळे, फुंकणं. दुपारी सायकल. प्रत्येक खोलीत त्याने कुणाला ना कुणाला हसवलं. सायकलवर बसल्यावर त्याने विचारलं, एवढं दामटून पोचायचं कुठे. त्याचं हसणं मला ऐकू यायचं, आणि तरी मी घड्याळाकडे बघून पुढच्या खोलीत फोन करत होते, ‘कॉसग्रोव्ह निघालाय.’ दोन वाजता मुलाखत होती. ती खरं तर अनोळखी माणसाने घ्यायची असते. मी वेळापत्रकात फेरफार करून स्वतःचं नाव घातलं होतं. आईबद्दलचा प्रश्न कुणा पंचविशीतल्या पोरीच्या तोंडून त्याला यायला नको, एवढं तरी मला कळत होतं. मुलाखतीनंतर फक्त दुसऱ्यांदा रक्तदाब घ्यायचा राहणार होता. चार वाजता सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

नोकरी झाली, झोप झाली, दारू झाली. मग घरच्यांच्या आजारांचा भाग आला. वडील? वारले, हृदयविकार, साल त्याला नीटसं आठवेना.

“आई हयात आहे का?” मी वाचलं.

“हो.”

उत्तर जसं दिलं जाईल तसंच लिहायचं असतं. मी समोरच्या छोट्या संगणकावर ‘हो’वर खूण केली. यंत्राने पुढचा प्रश्न आणला.

“वय?”

त्याने बोटांवर मोजलं. “शहाऐंशी. थांबा, सत्त्याऐंशी व्हायची आता.”

“तब्येत कशी आहे? उत्तम, बरी, साधारण, वाईट.”

“ठणठणीत असणार. ती काय मरतेय एवढ्यात,” तो म्हणाला. मग म्हणाला, “गेल्या पाळीला मी गाडी तिच्या घरावरून नेली होती. दोनदा. स्वयंपाकघरात दिवा होता. ‘उत्तम’ लिहा.”

माझं बोट त्या चौकोनावर होतं. मला ते दाबता आलं नाही. मी यंत्राचं झाकण मिटलं आणि त्याला सांगितलं. कधी, कशाने, किती माणसं होती, पाद्री काय म्हणाले. आणि तो कोट आणि पर्स आणि चौऱ्याऐंशी सालचं उत्तर, आणि शेगडीकडे तोंड करून उभं राहणं. सगळं, तिच्याच शब्दांत, एकही न गाळता. ते सगळे मला पाठ होते.

त्याच्या कोपराच्या वळणात सकाळची कापसाची पट्टी चिकटलेली होती. ती त्याने हळूहळू सोलून काढली.

“माझ्याबद्दल विचारायची?”

“दर वर्षी.”

“मग तुम्ही?”

“सांगता येत नाही म्हणायचे. तुला शब्द दिला होता.”

“माझं तिला सांगू नका, असं म्हटलं होतं मी,” तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने. “तिचं मला सांगू नका असं कधी म्हटलं?”

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. थेल्मा कधीच आमच्या यादीत नव्हती. तिच्याबद्दल माझं तोंड कुणी बंद केलं नव्हतं. ती चौकशी करते, ती टेकडी चढून आली होती, ती थकत चाललीय, हे मी डॅरिलला कुठल्याही दिवशी, कुठलाही नियम न मोडता सांगू शकले असते.

“नाही म्हटलंस,” मी म्हणाले. “तू यायचा बंद होशील, अशी भीती वाटली.”

“आलो की.”

“हो.”

“आता काय राहिलंय?” त्याने विचारलं. मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मग मी सांगितलं, रक्तदाब, दुसऱ्यांदा. तो म्हणाला, “घ्या मग. अर्धवट कशाला सोडायचं.” त्याने बाही वर केली. मी पट्टा गुंडाळला. पट्ट्याचं दुसरं टोक त्यानेच धरलं. आकडा फार वर गेला होता. जो आला तो मी लिहिला.

मग त्याने बाही खाली केली, बटण लावलं आणि विचारलं की नाव काढून घ्यायचं असेल तर काही कागद असतो का.

असतो. प्रत्येकाला पहिल्या पानावर त्याबद्दल सांगितलेलं असतं, केव्हाही, कारण न देता. पण मी तो कधी कुणाला दिला नव्हता. कुणी जाईन म्हटलं की मी त्यांच्या घरी जायचे, चहा प्यायचे, मुलांची नावं विचारायचे, आणि ते राहायचे. तो कागद कुठे ठेवतात हेच मला ठाऊक नव्हतं. बाहेर बसणाऱ्या केरी-ॲनला विचारावं लागलं. तिने तिसऱ्या कप्प्यातून काढून दिला.

डॅरिलने तो सगळा वाचला. अक्षर त्याचं अजून शाळकरी आहे, गोल गोल. कारणाची जागा मोकळी सोडली. आधीचं सगळं ठेवायचं की पुसायचं, असा एक प्रश्न त्यावर आहे. त्याने ‘ठेवा’वर खूण केली. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

“तुम्ही वाईट बाई नाही, मिसेस टेट,” उठताना तो म्हणाला. त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दारात तो थांबला. “कुठे ठेवलंय तिला?”

मी त्याच्या वेळापत्रकाच्या पाठीवर काढून दाखवलं. मोठा रस्ता, दफनभूमीचं फाटक, डावीकडची ओळ, पाण्याच्या नळापासून सहावी. म्हटलं, दगड नाही अजून, नुसती लाकडी खुंटी आहे, तिच्यावर नंबर आहे.

“दगड का नाही?”

“घरच्या कुणाची तरी सही लागते. त्याशिवाय नगरपालिका बसवू देत नाही.”

“कुठे करायची सही?”

“नगरपालिकेतच. तळमजल्यावर. पाचला बंद होतं.”

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार झाले होते. मी म्हटलं, गाडीने सोडते. तो मानेनेच नको म्हणाला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघाला. टेकडीच्या उतारावर तो झपझप चालत होता. एवढा जड माणूस, पण थांबला नाही कुठे. आमचं पेन त्याच्या हातातच राहिलं होतं. मी मागितलं नाही.